स्थापना आणि आयात : फलनात्म भाषांतील ग्रंथालयांचा इतिहास आणि नवा अभ्यासक

१

हॅस्केलसारख्या फलनात्म भाषेच्या अभ्यासास नव्याने प्रारंभ करणारा विद्यार्थी थोड्याच दिवसांत एका चमत्कारिक अडचणीपाशी येऊन ठेपतो. फलन म्हणजे काय, एका फलनाचे उत्तर दुसऱ्या फलनास कसे द्यावे, यादीवर पुनरावर्ती व्याख्या कशी रचावी, हे त्यास समजलेले असते. परंतु दुसऱ्या कोणी आधीच लिहून ठेवलेले एखादे उपयुक्त फलन आपल्या आज्ञावलीत आणावयाचे ठरविले, की यंत्र त्यास नकार देते. मोड्यूल सापडत नाही, अथवा ते सापडते परंतु ज्या पॅकेजात ते आहे ते 'हिडन', म्हणजे दृष्टीआड, आहे, असा संदेश पडद्यावर येतो. विद्यार्थ्यास वाटते, आपलेच काही चुकले. वस्तुतः त्याच्या फलनविचारात कोणताही दोष नसतो.

या अडचणीचे मूळ तीन भिन्न क्रियांच्या संभ्रमात आहे. पॅकेज यंत्रावर आणून बसविणे ही पहिली क्रिया. आपली आज्ञावली त्या पॅकेजावर अवलंबून आहे असे वर्णनपत्रात नोंदविणे ही दुसरी. त्या पॅकेजातील एखाद्या मोड्यूलमधील नावे आपल्या लेखनात वापरण्यास मोकळी करणे ही तिसरी. 'इम्पोर्ट' हा शब्द केवळ या तिसरीस लागू आहे. पहिल्या क्रियेचा संबंध यंत्राशी, दुसरीचा प्रकल्पाशी आणि तिसरीचा भाषेशी येतो. या तिन्ही क्रिया एकाच वेळी, एकाच हेतूने निर्माण झालेल्या नाहीत. त्या भिन्न काळी, भिन्न गरजांतून आल्या, आणि म्हणूनच त्यांचे सांधे आजही जाणवतात. ज्या भाषांचा सारा अभिमान लहान फलने जोडून मोठी फलने रचण्यात आहे, त्याच भाषांत परक्याचे फलन जोडून घेणे इतके अवघड का व्हावे, या प्रश्नाचे उत्तर तर्कशास्त्रापेक्षा इतिहासात अधिक सापडते.

२

संगणकाच्या क्षेत्रात 'लायब्ररी' हा शब्द आला तेव्हा त्याचा अर्थ पुष्कळच शब्दशः होता. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक या यंत्रावर ६ मे १९४९ रोजी पहिली आज्ञावली चालली. त्याच वर्षी, १० फेब्रुवारीस, पुणे विद्यापीठाची स्थापना झाली होती, हा योगायोग या विद्यापीठाच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. एडसॅकवर काम करणाऱ्यांना लवकरच कळून चुकले की वर्गमूळ काढणे, संख्या छापणे, संकलन करणे अशी कामे प्रत्येकाने नव्याने लिहिणे व्यर्थ आहे आणि त्यात चुकाही फार होतात. म्हणून अशा उपआज्ञावल्या कागदी फितींवर छिद्रांकित करून, वर्गवारी लावून, कपाटात ठेवण्यात आल्या. ज्यास हवी त्याने फीत काढावी, तिची प्रत आपल्या फितीवर उतरवावी आणि मूळ फीत जागेवर ठेवावी, अशी रीत होती. विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी १९५१ साली या पद्धतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. उपआज्ञावलीचे काम संपल्यावर मूळ स्थळी परत येण्याची जी युक्ती डेव्हिड व्हीलर यांनी योजिली, तिच्यावाचून हे ग्रंथालय उभेच राहिले नसते.

येथे स्थापना आणि आयात यांत भेद नव्हता. फितीची प्रत उतरविली की दोन्ही क्रिया एकदमच पुऱ्या होत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडविलेले आणि १९६० मध्ये कार्यान्वित झालेले यंत्र, ज्यास १९६२ साली टिफ्रॅक हे नाव देण्यात आले, तेही याच युगातील होय. त्याची स्मृती २०४८ शब्दांची होती. इतक्या अल्प जागेत उसन्या आणलेल्या प्रत्येक आज्ञेचा हिशेब लेखकास स्वतःच ठेवावा लागणार, हे उघड आहे. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे यंत्र आले आणि फोरट्रानचा वापर सुरू झाला. १९५८ च्या दुसऱ्या फोरट्रानपासून उपआज्ञावली स्वतंत्रपणे भाषांतरित करून मागाहून जोडता येऊ लागली होती. येथे प्रथमच दोन क्रिया एकमेकींपासून विलग झाल्या : ग्रंथालय यंत्रावर आधीच उपस्थित असे, आणि लेखक केवळ नावाने त्यास हाक मारी. परंतु ते यंत्रावर आणून ठेवण्याची जबाबदारी संगणक केंद्राच्या कर्मचाऱ्यांची होती, विद्यार्थ्याची नव्हे. ही विभागणी जोवर टिकली तोवर नव्या अभ्यासकापुढे स्थापनेचा प्रश्नच उभा राहिला नाही.

१९६८ साली गार्मिश येथील परिषदेत डग्लस मॅकिलरॉय यांनी आज्ञावल्यांचे सुटे भाग कारखान्यातील भागांप्रमाणे तयार मिळावेत, अशी कल्पना मांडली. पुढे १९७२ मध्ये डेव्हिड पार्नास यांनी मोड्यूलने काय उघड करावे यापेक्षा काय झाकून ठेवावे हा विचार अधिक महत्त्वाचा आहे, असे प्रतिपादन केले. नवा अभ्यासक ज्या 'दृष्टीआड' शब्दाने आज गोंधळतो, त्यामागील झाकून ठेवण्याची वृत्ती येथून पुढे या शास्त्रात रुजलेली दिसते.

३

फलनात्म भाषांची परंपरा या प्रवाहास समांतर वाहत होती. अलोन्झो चर्च यांचे लॅम्डा-कलन १९३० च्या दशकातील, जॉन मॅकार्थी यांची लिस्प १९५८ ची, आणि पीटर लँडिन यांचा आगामी सातशे भाषांविषयीचा प्रसिद्ध निबंध १९६६ चा. या परंपरेचे लक्ष प्रामुख्याने अर्थाकडे होते. एखाद्या पदावलीचा अर्थ तिच्या घटकांच्या अर्थांवरून ठरावा, आणि समान पदावली समान ठिकाणी निर्धास्तपणे बदलता यावी, हे तिचे ध्येय. जॉन ह्यूज यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या ध्येयास व्यवहाराचा आधार दिला. समस्येचे तुकडे पाडणे सोपे असते, ते पुन्हा सांधणारे साधन मात्र भाषेने पुरवावे लागते. उच्चक्रमी फलने आणि विलंबित मूल्यांकन ही अशी दोन साधने होत, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे.

तथापि, हे सांधणे एका आज्ञावलीच्या आतले होते. दोन अपरिचित लेखकांनी दोन गावी लिहिलेले भाग कसे सांधावेत, याचे उत्तर त्यात नव्हते. ते शोधण्याचा एक मोठा प्रयत्न एडिंबरोच्या एमएल भाषेच्या परंपरेत झाला. डेव्हिड मॅक्वीन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या रचनेत मोड्यूलला स्वतःची सही, म्हणजे त्याने पुरवावयाच्या नावांचे आणि प्रकारांचे वर्णन, असे. आणि मोड्यूल घेऊन मोड्यूल देणारे एक प्रकारचे फलनही लिहिता येई. डेव्हिड टर्नर यांच्या १९८५ च्या मिरांडा भाषेत दुसरी फाइल समाविष्ट करण्याची आणि नावे बाहेर देण्याची साधी सूचना होती.

१९८७ साली पोर्टलंड येथील परिषदेत एक सामाईक भाषा निर्माण करण्याचे ठरले, आणि १ एप्रिल १९९० रोजी हॅस्केलचा पहिला अहवाल निघाला. मोड्यूलची रचना तीत मुद्दाम साधी ठेवण्यात आली : नावे बाहेर देणे आणि नावे आत घेणे, एवढेच तिचे कार्य. सर्व आज्ञावल्यांत न मागता उपलब्ध होणारी नावे 'प्रेल्यूड' नामक मोड्यूलमध्ये ठेवली गेली. १९९६ च्या १.३ या आवृत्तीने मूळ भाषेखेरीज ग्रंथालयांचा स्वतंत्र अहवाल दिला, आणि आयात केलेल्या नावापुढे मोड्यूलचे नाव लावून ते वेगळे ओळखण्याची सोय केली. टिंबांनी जोडलेली श्रेणीबद्ध मोड्यूल-नावे याहून नंतरची. प्रमाण भाषेत ती २०१० च्या अहवालाने समाविष्ट झाली.

हा क्रम पाहिला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. भाषेच्या अहवालाने आयातीचा अर्थ सांगितला. आयात करावयाचे मोड्यूल यंत्रावर कोठून यावे, याविषयी तो मौन पाळून राहिला. 'डेटा.लिस्ट' हे मोड्यूल कंपायलरबरोबर येणाऱ्या 'बेस' पॅकेजात असते, 'डेटा.मॅप' हे 'कंटेनर्स' पॅकेजात असते आणि 'डेटा.लिस्ट.स्प्लिट' हे 'स्प्लिट' नावाच्या तिसऱ्याच पॅकेजात असते. नावांवरून पहिले आणि तिसरे एका घरचे वाटावे, परंतु ते तसे नाही. मोड्यूलचे नाव विषय सांगते, ठिकाण सांगत नाही.

४

पुणे विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात या परंपरेचा जो प्रवेश झाला, तो या मौनाच्या काळातला होय, आणि म्हणून तो विशेष उद्बोधक आहे. मार्क जोन्स यांनी ऑक्सफर्ड येथे रचलेली गोफर ही हॅस्केलच्या कुळातील छोटी भाषा १९९१ साली बाहेर आली. ती साध्या वैयक्तिक संगणकावरही चालत असे. विभागातील अध्यापक रुस्तुम मोडी, ज्यांनी १९९१ मध्ये सी भाषा शिक्षणाच्या आरंभी देण्याविरुद्ध एक टीकात्मक लेख प्रसिद्ध केला होता, यांनी अध्यापनासाठी गोफरमध्ये फेरफार करून 'पुगोफर' ही आवृत्ती सिद्ध केली. पुणे विद्यापीठाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे तिच्या नावातच आहेत. फलनास मूल्य लावण्याची क्रिया तीत डायक्स्ट्रा यांच्या रीतीप्रमाणे टिंबाने दर्शविली जाई. हॅस्केलमध्ये हेच टिंब दोन फलनांचे संयोजन दर्शविते, आणि श्रेणीबद्ध नावांत मोड्यूलचे घटक जोडते. एकाच चिन्हाचे हे तीन अर्थ नव्या विद्यार्थ्याच्या संभ्रमाचा इतिहास थोडक्यात सांगतात.

गोफरमध्ये मोड्यूलची व्यवस्थाच नव्हती. फाइल यंत्रात चढवावी, तिच्या जोडीला दुसरी चढवावी, एवढाच मार्ग होता. प्रेल्यूड हीही एक साधी फाइल होती. ती बदलून दुसरी देता येत असे. भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, हे ध्यानात घेतले म्हणजे या मर्यादेचे मूल्य कळते. जे भांडार दूरवरून आणावे लागत नाही, जे एका बैठकीत वाचून संपते आणि ज्यातील प्रत्येक व्याख्या विद्यार्थ्याच्याच भाषेत लिहिलेली असते, ते ग्रंथालय नसून जणू क्रमिक पुस्तकच होय. आयात नसल्यामुळे आयातीची अडचणही नव्हती.

या व्यवस्थेचे गुणगान करताना तिची किंमत विसरून चालणार नाही. केवळ प्रेल्यूडवर वाढलेला विद्यार्थी नाव आणि मूल्य यांच्या जोड्या यादीत ठेवतो. एक लक्ष जोड्यांच्या यादीत एखादे नाव शोधण्यास सरासरी ५०,००० तुलना लागतात. समतोल वृक्षावर आधारलेल्या 'डेटा.मॅप'मध्ये सुमारे वीस पुरतात. असा वृक्ष रचणे व तो निर्दोष ठेवणे हे अनेकांच्या अनेक वर्षांच्या श्रमाचे फळ आहे. ते नाकारणारा स्वावलंबी ठरत नाही. तो केवळ वंचित राहतो. म्हणून आयातीच्या पूर्वीचा काळ निष्पाप होता, असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. तो काळ सोपा होता आणि अपुराही होता.

५

हॅस्केलची ग्रंथालये वाढू लागली तेव्हा प्रत्येक लेखक आपापल्या रीतीने बांधणीच्या सूचना देत असे, आणि निरनिराळ्या कंपायलरांसाठी त्या निरनिराळ्या असत. हा गोंधळ आवरण्यासाठी कॅबल ही सामाईक व्यवस्था पुढे आली; आयझॅक जोन्स यांनी २००५ मध्ये तिचे विवेचन प्रसिद्ध केले. पॅकेजाचे नाव, आवृत्ती, त्यातील उघड मोड्यूले आणि त्याची अवलंबने एका वर्णनपत्रात लिहावयाची, ही तिची मुख्य कल्पना. पाठोपाठ हॅकेज हे मध्यवर्ती भांडार उभे राहिले, आणि एका आज्ञेसरशी पॅकेज व त्याची सारी अवलंबने आणून बसविण्याची सोय झाली. आरंभी सांगितलेल्या तीन क्रियांपैकी पहिल्या दोन येथे विद्यार्थ्याच्या हाती आल्या.

त्याबरोबर एक नवे संकटही आले. पॅकेजाच्या एका आवृत्तीची एकच बांधणी कंपायलरच्या नोंदवहीत राहू शके. एखादे नवे पॅकेज बसविताना त्याच्या एका अवलंबनाची बांधणी वेगळ्या जोडीदारांसह पुन्हा करावी लागली, तर जुनी बांधणी पुसली जाई. आणि तिच्यावर विसंबून असलेली, कालपर्यंत चालणारी, इतर पॅकेजे निकामी होत. या अवस्थेस वापरकर्त्यांनी 'कॅबल हेल' असे उद्वेगाचे नाव दिले होते. विसंगती येथे उघड दिसते. ज्या भाषेत चलाचे मूल्य मागाहून बदलता येत नाही, त्या भाषेची पॅकेजे मात्र एका सामाईक, सतत बदलत्या नोंदवहीत बसविली जात होती. आज स्थापिलेल्या पॅकेजाचा अर्थ काल काय स्थापिले होते यावर अवलंबून राही. भाषा शुद्ध होती. तिची स्थापना शुद्ध नव्हती.

या विसंगतीवरील उत्तर फलनविचारातूनच आले, हे या इतिहासातील सर्वांत लक्षणीय प्रकरण होय. एल्को डॉल्स्ट्रा यांनी २००६ मध्ये उट्रेख्ट विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात निक्स या व्यवस्थेचे विवेचन केले. बांधलेले पॅकेज हे त्याच्या मूळ लेखनाचे, अवलंबनांचे आणि बांधणीच्या सूचनांचे फलन आहे असे मानावे; या सर्व आदानांवरून एक सांकेतिक अंक काढून तो पॅकेजाच्या ठिकाणाच्या नावातच घालावा; आणि एकदा ठेवलेले पुन्हा कधी बदलू नये. आदान वेगळे तर ठिकाण वेगळे, म्हणून दोन बांधण्या एकमेकींस पुसत नाहीत. कॅबलने हा मार्ग २०१६ मधील १.२४ या आवृत्तीत प्रयोगादाखल आणि २०१९ मधील ३.० या आवृत्तीत नेहमीची पद्धत म्हणून स्वीकारला. मधल्या काळात एकमेकांशी जुळतात असे पडताळून पाहिलेल्या आवृत्त्यांचे संच स्टॅकेजने प्रसिद्ध केले, आणि २०१५ पासून स्टॅक या साधनाने ते नव्या वापरकर्त्यांच्या आवाक्यात आणले.

६

पडताळलेल्या गोष्टीवर खूण करून मगच ती चलनात आणावी, ही कल्पना भोरच्या इतिहासास अपरिचित नाही. भोर संस्थान हे पंत सचिवांचे. राजाराम महाराजांच्या काळी शंकराजी नारायण यांना सचिवपद लाभले आणि त्यांच्या वंशाकडे ही सत्ता १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत राहिली. अष्टप्रधानांतील सचिवाचे काम राजपत्रे तपासणे, त्यातील अधिक-उणे अक्षर शुद्ध करणे, महाल-परगण्यांचा हिशेब पाहणे आणि पत्रावर संमतीचे चिन्ह करणे हे होते. पत्राचा मजकूर सचिवाचा नसे. परंतु ते सचिवाच्या नजरेखालून गेले आहे, एवढ्यावर दूरच्या गडावरील अंमलदार त्यावर विसंबून राही. दूरस्थ आणि अपरिचित माणसांत विश्वास निर्माण करण्याचा हा कारकुनी उपाय होय. पॅकेजांच्या जगात प्रकारांची सही, आवृत्त्यांचा पडताळलेला संच आणि आदानांवरून काढलेला सांकेतिक अंक हे तिन्ही मिळून हेच कार्य करतात. साम्य येथेच थांबते. कारण सचिव मजकुराचे औचित्यही पाहू शके, सांकेतिक अंक केवळ तो बदललेला नाही एवढेच सांगतो.

ही मर्यादा गंभीर आहे. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या भांडारातून ११ ओळींचे एक लहानसे पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतले, तेव्हा त्यावर दूरान्वयाने विसंबलेल्या असंख्य आज्ञावल्यांची बांधणी जगभर अडली. आयातीची एक ओळ लिहिणारा एका अपरिचित लेखकाशी, त्याच्या अवलंबनांशी आणि त्यांच्याही अवलंबनांशी करार करीत असतो. हॅस्केलमध्ये तर मोड्यूल आयात करताना नावे निवडता येतात, परंतु प्रकारवर्गांची त्यातील उदाहरणे निवडता येत नाहीत. ती न मागता आत येतात.

७

या इतिहासावरून अध्यापनासंबंधी काही निष्कर्ष निघतात. भोर शहरातील अथवा धांगवडीच्या महाविद्यालयातील विद्यार्थी, किंवा राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी घरी बसून अभ्यास करणारा वेल्ह्याकडील विद्यार्थी, जी आज्ञा देतो ती ग्लासगोतील विद्यार्थ्याच्या आज्ञेहून तसूभरही वेगळी नसते. परंतु तिच्या यशासाठी कंपायलर आणि पॅकेजे मिळून काही शे मेगाबाइटांची सामग्री दूरवरून अखंड यावी लागते. ती मध्येच तुटली तर येणारा संदेश आणि आयातीची ओळ चुकली तर येणारा संदेश, दोन्ही इंग्रजीत आणि दोन्ही तितकेच दुर्बोध. कोणता दोष जाळ्याचा, कोणता वर्णनपत्राचा आणि कोणता स्वतःचा, हे ओळखता न आल्यामुळे विद्यार्थी सारेच दोष स्वतःकडे घेतो. एक चांगला अभ्यासक या ठिकाणी विषय सोडून जाण्याचा संभव असतो, आणि तो फलने न समजल्यामुळे गेला असा शिक्षकाचा ग्रह होतो. हानी येथे आहे.

म्हणून ज्या क्रमाने या तीन क्रिया इतिहासात परस्परांपासून विलग झाल्या, तो क्रम शिक्षणातही उपयोगी पडावा. प्रथम केवळ प्रेल्यूड. त्यातील व्याख्या वाचाव्यात आणि स्वतः पुन्हा लिहाव्यात, जसे पुगोफरच्या काळी शक्य होते. नंतर 'बेस'मधील मोड्यूलांची आयात. येथे जाळ्याची गरज लागत नाही, आणि नावांचा संघर्ष, निवडक आयात, मोड्यूलचे नाव लावून केलेली आयात हे सारे शिकविता येते. 'डेटा.मॅप'मधील 'फिल्टर' आणि प्रेल्यूडमधील 'फिल्टर' यांची टक्कर हे त्यानंतरचे उदाहरण, कारण तेथे 'कंटेनर्स' हे नाव वर्णनपत्रात प्रथमच लिहावे लागते. दूरच्या भांडारातून नवे पॅकेज आणणे सर्वांत शेवटी. तसेच, निवडलेल्या आवृत्त्यांचा एक संच महाविद्यालयाच्या यंत्रावर आधीच बसवून ठेवणे अवघड नाही. सीडीसी ३६०० च्या काळी संगणक केंद्र जे काम विद्यार्थ्यासाठी करीत असे, तेच हे होय. ते काम विद्यार्थ्याच्या माथी केव्हा आले आणि का आले, याचा विचार अध्यापनशास्त्राने क्वचितच केलेला दिसतो.

केंब्रिजच्या कपाटातील फीत हातात धरता येत असे. ती कोठून आणली हे घेणाऱ्यास ठाऊक असे. आजची आयात एका ओळीची आहे, परंतु तिच्यामागील कपाट अदृश्य झाले आहे. नव्या अभ्यासकास त्या कपाटाचे दार, त्याची वर्गवारी आणि त्याचा रखवालदार दाखवून देणे हा फलनात्म भाषांच्या अध्यापनाचा उपचार नसून त्या विषयाचाच एक भाग होय.